हाती लागते तेवढी पेशी

मेंदू कवटीतून निघाल्यापासून बर्फगार द्रावणात पडेपर्यंत जो वेळ जातो, त्यावर आमचा सगळा दिवस अवलंबून असतो. उंदराच्या मेंदूतल्या एकेका जिवंत पेशीची विद्युत नोंद घेणं हे आमचं काम. उंदराला आधी पूर्ण भूल दिलेली असते. त्याच्याही कितीतरी आधी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीपुढे कागद गेलेले असतात: किती प्राणी, कशासाठी, दुसरा मार्ग का नाही. तरी प्रत्यक्ष त्या घटकेला डोक्यात एवढंच असतं की रक्त थांबलं, ऑक्सिजन थांबला, आता पेशी मरायला लागतील. म्हणून हात भराभर चालले पाहिजेत आणि तरी धसमुसळेपणा होता कामा नये. ताजा मेंदू नुकत्याच जमलेल्या खरवसाइतका मऊ असतो. त्याचा ३०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ, काप काढायला साधी सुरी चालत नाही. व्हायब्रेटोम नावाच्या यंत्राचं पातं आडवं थरथरत अगदी संथपणे पुढे सरकतं, आणि आपण श्वास रोखून बघत राहतो.

हे काप मग तासभर कोमट द्रावणात विसावतात. द्रावणातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड अखंड बुडबुडत असतो. त्यानंतर एक काप सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि खरं काम सुरू होतं. काचेची नळी तापवून, ओढून तिचं टोक मायक्रॉनभर रुंदीचं केलेलं असतं. हे पिपेट त्याच दिवशी ओढायचं आणि एकदाच वापरायचं. पिपेटमधून हलका दाब बाहेर ठेवत ते कापात उतरवायचं, म्हणजे वाटेतला कचरा टोकाला चिकटत नाही. पेशीच्या अगदी जवळ गेलं की तिच्या पडद्यावर एक बारीकशी खळी पडते. ती दिसली की दाब सोडायचा आणि नळीचं दुसरं टोक तोंडात धरून अलगद ओढायचं. किती अलगद, ते कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये लिहिता येत नाही. ते जिभेला कळावं लागतं. पडदा काचेला चिकटला की पडद्यावरचा रोध पाच-सहा मेगाओहमवरून चढत चढत शंभर कोटी ओहमच्या पुढे जातो. याला आम्ही सील म्हणतो. मग आणखी एक छोटासा झटका द्यायचा. टोकाखालचा पडदा फुटतो आणि पेशीच्या आतलं विद्युत विभव थेट स्क्रीनवर येतं: उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास एक सरळ, जिवंत रेघ.

हे जमण्याआधी बरंच काही बिघडू शकतं. मापायचे प्रवाह इतके क्षीण असतात की खोलीतला प्रत्येक दिवा आणि प्रत्येक पंखा त्यांत डोकावतो. एका आयन वाहिनीतून, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या विद्युतभारित कणांच्या वाटेतून, वाहणारा प्रवाह काही पिकोअॅम्पिअर असतो, आणि पिकोअॅम्पिअर म्हणजे अॅम्पिअरचा एक लाख कोटीवा भाग. आपल्याकडच्या विजेचा ५० हर्ट्झचा नॉईज या रेघेवर चढला की अर्धा दिवस अर्थिंगच्या वायरी तपासण्यात जातो. टेबल हवेच्या उशीवर तरंगतं, भोवती जाळीचा पिंजरा असतो, आणि एवढं करूनही कुणी जोरात दार आपटलं की सील सुटतं. प्रयोगशाळेत नवी आलेली मुलगी रडकुंडीला येऊन विचारते, "ताई, सगळ्या पेशी मेल्यात का गं आज?" मी तिला सांगते, "अगं, काप बदल, द्रावणाची ऑस्मोलॅरिटी बघ, चहा घे आणि परत बस." याहून चांगला सल्ला मलाही कुणी दिला नव्हता.

या कामात इतकी वर्षं घालवल्यावर मला हाती लागलेल्या पेशीपेक्षा हाती न लागलेल्या पेशींचा विचार जास्त छळतो. मेंदूच्या पेशीबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे, ते कुठल्या ना कुठल्या चाळणीतून आलेलं आहे. ती चाळणी कुठली होती हे निष्कर्षासोबत सांगितलं गेलं नाही, तर निष्कर्ष अर्धाच राहतो. सगळ्याच शास्त्रांत असं असतं, हे मान्य. मात्र मेंदूच्या बाबतीत ते मुळापासून आहे, कारण या शास्त्राची सुरुवातच एका चाळणीने झाली.

१८७३ साली कामिल्लो गोल्जी इटलीत, मिलानजवळच्या आब्बियातेग्रास्सो गावी, असाध्य रोग्यांच्या इस्पितळात डॉक्टर होता. तिथल्या स्वयंपाकघरात त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली होती. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवलेल्या मेंदूच्या तुकड्यावर त्याने सिल्व्हर नायट्रेटची प्रक्रिया केली, आणि पिवळसर पार्श्वभूमीवर काही पेशी काळ्याकुट्ट उमटल्या. साऱ्या फांद्यांसकट अख्ख्या पेशी. त्याआधीच्या रंगांनी एकतर काहीच धड दिसत नसे किंवा सगळंच रंगून गचपण होई. गोल्जीच्या रंगाची किमया अशी की तो शंभरातल्या जेमतेम काही पेशींनाच लागतो. उरलेल्या पेशी पारदर्शक राहतात, म्हणून तर रंगलेली दिसते. त्याच पेशींना का लागतो, याचं समाधानकारक उत्तर दीडशे वर्षांनंतरही मिळालेलं नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. चेतापेशीचं पहिलं पूर्ण दर्शन आपल्याला झालं ते बाकीच्या बहुतेक पेशी न दिसल्यामुळे.

पुढची गोष्ट स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहालची. १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमार्रो या मानसोपचारतज्ज्ञाच्या घरी त्याने गोल्जीच्या पद्धतीने रंगवलेले काप पहिल्यांदा पाहिले आणि तो झपाटला. त्याची चित्रं आज सर्वांना ठाऊक आहेत, त्यांची पोस्टरं प्रयोगशाळांच्या भिंतींवर लागतात. मला मात्र चित्रांपेक्षा त्याची एक युक्ती अधिक मोठी वाटते. प्रौढ मेंदूत चेतातंतूंवर मायलिनचं आवरण चढलेलं असतं, आणि त्यावर चांदीचा रंग नीट बसत नाही. काहालने प्रौढ मेंदू बाजूला ठेवला. पक्ष्यांची पिल्लं, भ्रूण, नवजात प्राणी यांच्याकडे तो वळला. तिथे मायलिन अजून आलेलं नसतं, तंतू आखूड असतात, आणि एकेक तंतू कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे डोळ्यांनी माग काढत पाहता येतं. रंगवण्याची प्रक्रियाही त्याने एकाऐवजी दोनदा केली. १८८८ मध्ये बार्सिलोनात त्याने स्वखर्चाने नियतकालिक काढलं आणि त्यात पक्ष्याच्या मेंदूच्या मागच्या भागावरचं, ज्याला ‘लहान मेंदू’ म्हणतात त्यावरचं, काम छापलं. पेशी एकमेकींजवळ येतात, पण एकमेकींत विरघळत नाहीत, असं तो सांगू लागला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या परिषदेत त्याने आपले काप नेऊन अल्बर्ट फॉन क्योलिकरसारख्या त्या काळच्या बड्या शरीरशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकातून दाखवले.

गोल्जीचं मत शेवटपर्यंत वेगळं राहिलं. मेंदू म्हणजे एकसंध जाळं, असं तो मानत होता. १९०६ साली दोघांना नोबेल विभागून मिळालं, आणि गोल्जीने आपल्या भाषणात चेतापेशी स्वतंत्र असल्याच्या सिद्धान्तावरच टीका केली. या प्रसंगाकडे लोक दोन म्हाताऱ्यांचं भांडण म्हणून पाहतात. मला त्यात वेगळं दिसतं. रंग एकच होता. काहालने मेंदूचं वय बदललं, आणि त्यामुळे त्याला टोकं दिसली. शेवटचा निवाडा १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केला. दोन पेशींमधली सुमारे २० नॅनोमीटरची फट तेव्हा पहिल्यांदा दिसली, आणि इतकी अरुंद फट काहालच्या सूक्ष्मदर्शकाला कधीच दिसली नसती. म्हणजे काहाल बरोबर होता, पण आपण बरोबर आहोत हे त्याला त्याच्या साधनाने सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं.

काहालची ती युक्ती आम्ही आजही वापरतो, आणि याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. उंदराचं पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं असतं तेव्हा मायलिन कमी असतं, काप स्वच्छ दिसतो, पेशी कापणी सोसतात. प्रौढ उंदराचा काप धूसर दिसतो आणि त्यातल्या पेशी लवकर मरतात. त्यामुळे कित्येक वर्षं चेतापेशींच्या विद्युत वर्तनाची जी माहिती जमली, तिचा मोठा भाग कोवळ्या पिल्लांच्या मेंदूतून आलेला आहे. अलीकडे द्रावणातला सोडियम काढून त्याच्या जागी दुसरा मोठा आयन घालायची पद्धत रुळली, त्यामुळे प्रौढ मेंदूचे काप पूर्वीपेक्षा बरे टिकतात. तरी एखादा निबंध वाचताना मी सगळ्यात आधी प्राण्याचं वय शोधते. पुष्कळदा ते पद्धतीच्या विभागात, बारीक अक्षरात, एका ओळीत आटोपलेलं असतं.

वयाखेरीज बाकीच्या गोष्टी आहेतच. काप काढला की लांबून येणारे तंतू तुटतात, म्हणून कापातली पेशी तिच्या नेहमीच्या गजबजाटापेक्षा कितीतरी शांत असते. आम्ही तिला खऱ्या मेंदूत असतं त्याच्या कितीतरी पट ग्लुकोज देतो, ऑक्सिजन देतो. पिपेट आत शिरलं की पिपेटमधलं द्रावण हळूहळू पेशीतल्या द्रवाची जागा घेतं. त्यामुळे सायनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, दीर्घकाळासाठी बळकट होण्याची क्रिया पहिल्या काही मिनिटांतच घडवावी लागते, नंतर तिला लागणारे रेणूच धुऊन गेलेले असतात. निवड तर आमच्याच डोळ्यांची असते. सूक्ष्मदर्शकाखाली टपोरी, मऊ कडांची, त्रिकोणी पेशी दिसली की हात आपसूक तिकडे वळतो. कोपऱ्यातली बारकी, गोल पेशी राहून जाते. आता विशिष्ट प्रकारच्या पेशींत हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारे उंदीर मिळतात, म्हणून बारक्या पेशीही शोधता येतात. पण कुठली पेशी चमकवायची हे आधी कुणालातरी ठरवावं लागतंच.

अर्थात एका बाजूने बघितलेल्या गोष्टीतूनही खोल सत्य हाती लागतं, आणि याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण स्क्विड या सागरी प्राण्याचं आहे. माणसाच्या मेंदूतले पुष्कळसे चेतातंतू मायक्रॉनभरही जाड नसतात. स्क्विडमधला महाकाय तंतू मात्र अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये तो चेतातंतूच आहे हे दाखवल्यावर शास्त्रज्ञांना जणू दारच उघडं मिळालं. १९३९ च्या उन्हाळ्यात प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी या तंतूत आतून इलेक्ट्रोड घातला आणि आवेग, म्हणजे तंतूतून धावणारा विद्युत संदेश, जाताना विभव शून्याच्याही वर उसळतं हे नोंदवलं. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे ते शून्यापाशी थांबायला हवं होतं. काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं आणि काम थांबलं. युद्धानंतर ते परत आले. स्क्विड हंगामापुरता मिळायचा, आणि मिळाला तरी लवकर मरायचा. १९५२ मध्ये त्यांनी जी समीकरणं मांडली, ती सोडवायला केंब्रिजचा संगणक नेमका उपलब्ध नव्हता. हक्सलीने हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा गणनयंत्रावर कित्येक दिवस आकडेमोड केली, आणि कागदावर उमटलेला आवेग प्रत्यक्ष नोंदीशी जुळला.

त्या समीकरणांत सोडियम आणि पोटॅशियमला ये-जा करू देणारे दरवाजे गृहीत धरलेले होते. दरवाजा कुणी पाहिला नव्हता. १९७६ मध्ये ग्योटिंगनला एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांनी बेडकाच्या स्नायूवर काचेचं पिपेट टेकवून एका वाहिनीचा, म्हणजे एकाच दरवाज्याचा, प्रवाह नोंदवला. वाहिनी उघडली की रेघ एकदम खाली उतरते, मिटली की परत वर येते. मधली अवस्था नसते. आमच्या टेबलावरचं तंत्र तिथूनच आलं आहे. स्वतःच्या टेबलावर ती पायरीसारखी रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी किती तरी वेळ काही न करता नुसती बसून होते. एकच रेणू उघडतो आहे, मिटतो आहे, आणि ते मला दिसतं आहे. त्या दिवशी मला या कामातून उठावंसं वाटणं कायमचं बंद झालं.

मोजणीचंही असंच आहे. मेंदूत शंभर अब्ज चेतापेशी आणि त्यांच्या दहापट ग्लिया पेशी, म्हणजे चेतापेशींना साथ देणाऱ्या मेंदूतल्या इतर पेशी, असं आम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. तो आकडा कुठून आला याचा शोध घेताना ब्राझीलच्या सुझाना एर्कुलानो-हौझेल यांना ठोस मोजणीच सापडली नाही. कापांत मोजणं अवघड, कारण प्रत्येक भागात पेशींची दाटी वेगळी. मग त्यांनी आणि रॉबेर्तो लेन्त यांनी मेंदूचे काप ठेवण्याचाच विचार सोडून दिला. फॉर्मॅलिनसारख्या द्रव्यात टिकवलेला मेंदू डिटर्जंटमध्ये घोटायचा. पेशींचे पडदे विरघळतात, केंद्रकं शाबूत राहतात. मिश्रण नीट ढवळलं की एका थेंबातली केंद्रकं मोजून एकूण संख्या काढता येते, आणि चेतापेशींच्या केंद्रकांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडामुळे त्या वेगळ्या काढता येतात. २००९ मध्ये उत्तर आलं: सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, आणि जवळजवळ तितक्याच इतर पेशी. त्या ८६ अब्जांपैकी सुमारे ६९ अब्ज लहान मेंदूत आणि अवघ्या १६ अब्ज प्रमस्तिष्काच्या बाह्यकात, म्हणजे मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरात. रचनेचा पूर्ण नाश करून हा आकडा मिळाला, आणि तो फक्त चार पुरुषांच्या मेंदूंवरून मिळाला. हे चार मेंदू मी दरवेळी आवर्जून सांगते, कारण ८६ अब्ज हा आकडा आता सगळीकडे फिरतो आणि चार हा आकडा त्याच्यासोबत कधीच नसतो.

ग्लियांवर तर आमच्या साधनांनी अन्यायच केला. विद्युत नोंद घेणाऱ्यांच्या दृष्टीने जी पेशी आवेग देत नाही ती मुकी. अॅस्ट्रोसाइट या ग्लिया पेशीमध्ये पिपेट घातलं की एक शांत रेघ मिळायची, आणि लोक पुढच्या पेशीकडे वळायचे. कॅल्शियमच्या पातळीनुसार चमकणारी रंगद्रव्यं आली आणि १९९० मध्ये दिसलं की ग्लुटामेट हा चेतापेशींमधला निरोप्या रेणू दिल्यावर अॅस्ट्रोसाइटमधून कॅल्शियमच्या लाटा जातात. त्या पेशी आधीपासून काहीतरी करत होत्या, आमच्या यंत्राला ते ऐकूच येत नव्हतं. जाग्या प्राण्याच्या मेंदूत इलेक्ट्रोड घातला तरी हीच अडचण येते. ज्या चेतापेशी बोलतात त्या सापडतात. ज्या क्वचितच बोलतात त्या इलेक्ट्रोडला लागूनच असल्या तरी मोजणीत येत नाहीत. दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने चालत्या उंदराच्या मेंदूतल्या हजारो पेशी एकदम पाहता येतात, पण मुख्यतः वरच्या थरांतल्या, आणि कॅल्शियमच्या चकाकीतून, जी आवेगापेक्षा बरीच मंद असते.

माणसाच्या पेशीचा प्रश्न सगळ्यात अवघड. परदेशात शिकत असताना मला मानवी मेंदूच्या तुकड्यावर काम करायला मिळालं. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत आजारी भागापर्यंत पोचण्यासाठी सर्जनला वरचा बाह्यकाचा थोडा भाग काढावा लागतो. रुग्णाने आधी लेखी संमती दिलेली असेल तर तो तुकडा, एरवी टाकून दिला गेला असता तो, ऑक्सिजन बुडबुडणाऱ्या बाटलीतून प्रयोगशाळेत येतो. मग कुणी घरी जात नाही. पाळ्या लावून रात्रभर नोंदी चालतात, कारण पुढचा तुकडा कधी येईल सांगता येत नाही. खोलीतल्या सगळ्यांचा आवाज त्या दिवशी जरा खाली असतो. हा कुणाच्या तरी मेंदूचा भाग आहे, आणि ती व्यक्ती याच वेळी वरच्या मजल्यावर शुद्धीवर येते आहे, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण हाताला माहीत असतं.

अशा तुकड्यांनी फार मोठ्या गोष्टी दिल्या. २०१८ मध्ये हंगेरीतल्या सेगेद आणि अमेरिकेतल्या सिअॅटलच्या गटांनी माणसाच्या बाह्यकाच्या पहिल्या थरात एक नवी पेशी वर्णिली. पाकळ्या गळून गेलेल्या गुलाबासारखा तिच्या तंतूंचा झुबका, म्हणून तिला रोझहिप नाव मिळालं. उंदरात तिच्या जोडीची पेशी सापडली नाही. २०२४ मध्ये हार्वर्ड आणि गूगलच्या गटाने ४५ वर्षांच्या एका स्त्रीच्या शस्त्रक्रियेतून मिळालेल्या एक घन मिलिमीटर बाह्यकाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेला नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ५७,००० पेशी, सुमारे १५ कोटी सायनॅप्स आणि १,४०० टेराबाइट माहिती आहे. जोडण्या संगणकाने शोधल्या, पण त्या तपासायला माणसंच लागतात, आणि तपासणी अजून संपलेली नाही.

मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंतून दुसऱ्या प्रकारचं ज्ञान येतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविज्ञान संस्थेत अशी मेंदूपेढी कित्येक वर्षं चालते. आयआयटी मद्रासच्या केंद्राने २०२४ च्या डिसेंबरात मानवी गर्भाच्या मेंदूच्या ५,१३२ कापांचा त्रिमित नकाशा जगाला खुला करून दिला. भारतातून असं काम आलं याचा मला मनापासून अभिमान आहे. गोठवलेल्या मेंदूतल्या केंद्रकांमधला आरएनए वाचून पेशींची वर्गवारीही करता येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी मेंदूच्या अशा नकाशात ३० लाखांहून अधिक केंद्रकं तपासली गेली आणि ३,३१३ उपगट निघाले. प्रत्येक गटाची रेण्वीय ओळख आता यादीत आहे. त्यांतल्या बहुतेकांमध्ये काचेचं पिपेट कधीच शिरलेलं नाही.

हे काम पुढे कसं न्यायचं यावर आमच्याकडे बोलणं निघतं तेव्हा गाडी दरवेळी एका जागी येऊन अडते. त्या नकाशात सगळ्यात जास्त विविधता बाह्यकात सापडली नाही. ती सापडली मेंदूच्या जुन्या भागांत, मध्यमस्तिष्कात आणि मस्तिष्कस्तंभात. श्वास, झोप, वेदना, हृदयाची गती जिथून सांभाळली जाते तिथे. जिवंत मानवी ऊतक मात्र आम्हाला मिळतं ते सर्जनचा हात जिथून जातो तिथलं, म्हणजे बहुतेक वेळा कानशिलाजवळच्या बाह्यकाचं. मस्तिष्कस्तंभाचा निरोगी तुकडा कुठलाही सर्जन काढणार नाही, काढताही कामा नये. तिथल्या पेशींसाठी आज आमच्यापाशी उंदराचे काप आहेत, मूळपेशींपासून बशीत वाढवलेल्या मानवी चेतापेशी आहेत, आणि गोठवलेली केंद्रकं आहेत. या तिन्हींमधून एकच पेशी कशी उभी करायची, यावर पुढच्या आठवड्यात आमची पुन्हा बैठक आहे.